पाठीवरचं फुलपाखरू

“हलू नकोस. तुझ्या पाठीवर बसलंय.”

ती पायरीवर बसून वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. हात तसाच राहिला. नवरा मागे, तीन-चार हातांवर, खाली बसल्याचं तिला न बघताच कळलं. बसताना त्याचा उजवा गुडघा कटकन वाजायचा.

“तेच?” तिने विचारलं.

“तेच. डाव्या खांद्याच्या खाली, शालीवर. बोललीस तरी चालेल, पण मान वळवू नकोस.”

तेच म्हणजे, ज्याच्यासाठी ती दोघं भर थंडीत या बेटावर खोली घेऊन महिनाभर राहिली होती ते. पंख मिटले की वाळकं पान, उघडले की आत गर्द निळा रंग. सत्तावीस दिवसांत एकोणचाळीस जातींची फुलपाखरं झाली, पडवीतल्या दिव्यावर येणारे अकरा पतंग झाले. तो फोटो काढायचा, ती वहीत नोंद करायची. एवढं एक मात्र हुलकावण्या देत राहिलं. आणि उद्या सकाळी परतीची बोट होती.

नवऱ्याने सगळी नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवली होती. एका रेघेसाठी अर्धा दिवस खर्ची घालणारा माणूस. पंख उघडेपर्यंत हा आता जागचा हलणार नव्हता. म्हणजे तिलाही हलता येणार नव्हतं.

आणि महिनाभर तिने नेमकं हेच टाळलं होतं. एका जागी बसलं की ती गोष्ट ओठांवर यायची. मग ती उठून काहीतरी धुवायला घ्यायची. गेल्या आठवड्यात तिने एकच चादर तीनदा धुतली होती.

सोमवारी तिला इस्पितळात दाखल व्हायचं होतं. धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. जुळली ती हिचीच. दाताचं काम आहे, चष्म्याचा नंबर बदललाय, असं काहीबाही सांगून तिने सगळ्या फेऱ्या उरकल्या होत्या. नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता.

सांगणार तरी कसं? साध्या ऑपरेशनला म्हणून आत गेलेली त्याची आई परत आलीच नव्हती. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्याने इस्पितळाची पायरी चढली नव्हती. सख्खा मित्र आजारी पडला तेव्हाही हा फाटकाशी उभा राहून विचारपूस करून आला. तो नाहीच म्हणाला असता. आणि त्याचं नाही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“उघडले का पंख?”

“अजून नाही.”

ऊन मानेवर आलं होतं. एका पायाला मुंग्या आल्या. पाठीवर काही बसलंय असं जाणवतही नव्हतं, इतकं ते हलकं असणार. फोटो काढल्याचा आवाज अजून झाला नव्हता. समोर कुंपण, कुंपणापलीकडे पाणी. उठून जायला कुठलंच निमित्त नव्हतं.

सोमवारी आपल्याला काही झालंच, तर याला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळेल. हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

“ऐकताय ना?” ती कुंपणाकडे बघत म्हणाली. “धाकटीला किडनी लागणार आहे. माझी जुळली. सोमवारी ऑपरेशनसाठी दाखल व्हायचंय. मी देणार आहे.”

तिने नजर कुंपणावरून पलीकडच्या पाण्याकडे नेली.

“कागदावर नवऱ्याची सही लागते. ती मी केली. तुमच्या नावाची.” आता थांबणं शक्य नव्हतं. “पेपरच्या कडेला चौदा वेळा गिरवली, मग केली. तुमची ती शेवटची लांब रेघ काही केल्या सरळ येईना. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग तुम्ही नि ती, यांतलं कुणीतरी एक मला सोडावं लागलं असतं. म्हणून विचारलंच नाही.”

तिने मोजा मुठीत घट्ट धरला. तो उठून निघून जाईल, अशी तिची खात्री होती. एवढ्या वर्षांत तो कधी तिच्यावर ओरडला नव्हता; राग आला की चालू लागायचा. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून खाली उतरत गेलेली त्याची पावलं तिला मनातल्या मनात आताच ऐकू यायला लागली.

“काहीतरी बोला,” ती म्हणाली. “उडालं तर उडू दे.”

गुडघा कटकन वाजला. पावलं जवळ आली. तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. तिने मान वळवून पाहिलं. त्याच्या हातात कॅमेरा नव्हता.

“गेलं?”

“नव्हतंच,” तो म्हणाला. “तू एका जागी बसत नाहीस. समोर बसवून विचारलं असतं तर उठून चादर धुवायला गेली असतीस. आणि उद्या तर बोट.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“धक्क्यावर फोन लागतो ना, मी दूध आणायला जातो तिथे. पहिल्याच आठवड्यात साडूंचा फोन आला. सही दिली म्हणून माझे आभार मानायला.” त्याने तिच्या मांडीवरचा एक मोजा उचलला आणि त्याची जोडी शोधायला लागला. जोडी सापडत नव्हती. “मी म्हटलं, आभार कसले, माझीच सही आहे.”