मूठभर शिंपल्यांचा चुरा

वर्षातली सर्वांत मोठी भरती दुपारी येणार होती, म्हणून बुरेतीने सकाळीच भांडी, चटया आणि नवऱ्याचा फोटो आढ्याला बांधून टाकले. तामोआ देशात माणसं तीनशे बारा. भरतीआधी घर असं टांगून ठेवणारी आता ती एकटीच उरली होती.

"आई, पाणी आता घरात येत नाही," तिची मुलगी तेरेंगा शिंपले कुटता कुटता म्हणाली. जेवायला बसण्याआधी प्रत्येक घरातलं माणूस मूठभर चुरा दाराशी खणलेल्या खोल खड्ड्यात टाकायचं. शास्त्रज्ञांनी सहा वर्षांपूर्वी बेटाखाली पेरलेलं प्रवाळ तो चुरा खाऊन वाढत होतं आणि अख्खा देश वर उचलत होतं.

"दगडाला कुठे भूक लागते?" बुरेती म्हणाली. त्याआधी अशाच एका भरतीने तिचा नवरा नेला होता. सहा वर्षांत तिने एकदाही मूठ टाकली नव्हती.

भरती आली तेव्हा ती उंबऱ्यावर आढ्याची दोरी धरून उभी होती. पाणी चढत चढत नारळांच्या मुळांपर्यंत आलं आणि तिच्या पायांखाली कमरेइतकं अंतर राखून थांबलं.

सगळं शांत झालं. मग जमिनीतून लाह्या फुटल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. बुरेतीने खाली बसून तळवा टेकला. जमीन थरथरत होती. शाळा, नारळ, तीनशे बारा माणसं आणि तिचं घर, सगळं कुणीतरी खालून सावकाश उचलत होतं.

"तेरेंगा," ती म्हणाली, "सगळी टोपलीच दे इकडे. सहा वर्षं उपाशी ठेवलंय मी याला."