पंधरा मार्कांचं प्रमेय

"समजून घेत बसू नकोस, पाठ कर," असं बजावून हॉस्टेलच्या शाल्मलीताईने एम.एस्सी.च्या नोट्सची वही माझ्या हातात दिली होती. त्यात बोकील मॅडमचं प्रमेय होतं. मॅडमची पीएच.डी. त्यावरच झालेली. दरवर्षी ते पंधरा मार्कांना हमखास यायचं आणि दरवर्षी पोरी घडाघडा लिहून यायच्या.

पाठांतराचं आणि माझं पहिल्यापासून वाकडं. म्हणून माझी आपली गावठी पद्धत आहे. कुठलंही प्रमेय आलं, की त्यात एक साधं उदाहरण घालून बघायचं. मी दोन ओळी आणि दोन स्तंभांची छोटीशी मॅट्रिक्स घेतली. प्रमेयाप्रमाणे उत्तर शून्य यायला हवं होतं. माझं तीन आलं. सातदा केलं, सातही वेळा तीन.

चूक माझीच असणार, या खात्रीने मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "अगं, बेरीज चुकली असेल," म्हणत त्यांनी हसत हसत खडू उचलला आणि माझं उदाहरण फळ्यावर सोडवायला घेतलं. शेवटच्या ओळीवर खडू थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सोडवलं. खडू पुन्हा तिथेच थांबला.

मग त्यांनी फळा पुसला. कोपऱ्यातला एक आकडासुद्धा राहू दिला नाही. माझा कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला, उठून दार लावलं आणि कधी नव्हे इतक्या मायेने विचारलं, "बाळ, आणखी कुणाला दाखवलंयस हे?"