न वापरलेला सूट

मिलेवाचं पत्र ईस्टरच्या आधीच आलं होतं. 'दादा, मागची खोली रंगवून घेतली आहे. तुझ्या पुस्तकांसाठी भिंतीला फळी ठोकली. कधी येतोस?'

रादिवोयेने ते अनेकदा वाचलं. उत्तर मात्र दिलं नाही. बहीण आपली जनरीत म्हणून बोलावते आहे, पुस्तकात डोकं खुपसून बसणारा म्हातारा मास्तर कुणाला हवा असणार, असं त्याला वाटे. घर विकलं गेलं तेव्हा त्याने गुपचूप शहरातल्या वृद्धाश्रमात नाव घातलं.

आज शेजारची देसांका कपडे निवडायला आली होती. न्यायचे दाराशी, द्यायचे खिडकीशी, असं ठरलं. दोघं मागच्या अंगणात कॉफी पीत बसली होती, तेवढ्यात जुने कपडे गोळा करणारी चर्चची गाडी आली आणि दाराशी ठेवलेले कपडे घेऊन गेली.

"अरे देवा! मास्तर, तुमचे सगळे चांगले कपडे गेले की हो! उरल्या या चिंध्या." देसांकाने कपाटावर पाहिलं. "आणि ते."

ते म्हणजे मरणाचे कपडे, पुरताना अंगावर घालायचे. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे असतं तसं गाठोडं. काळा सूट, पांढरा शर्ट, तळाला माती न लागलेले बूट.

"ते आत्ता कसे घालणार?"

"मग बहिणीकडे काय लेंग्यावर जाणार?"

"बहिणीकडे नाही. आश्रमात." रादिवोये खाली बघत म्हणाला.

देसांका कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आश्रमात! आणि तिने ती फळी काय मिरच्यांच्या बरण्या मांडायला ठोकली? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून दर रविवारी मला करते. दादाला खोली आवडली नसेल का, विचारते. मी काय सांगू तिला?"

रादिवोयेने स्टूल कपाटाशी ओढलं. मग त्याने स्वतःच स्टुलावर चढून गाठोडं काढलं.

पँट कमरेत सैल झाली होती. देसांका तोंडात टाचण्या धरून बसली. "हलू नका. कापड तेवढंच आहे, तुम्हीच वाळलात."

"आणि मेल्यावर काय घालू?"

"भाचे आहेत ना? आणतील धावत. सगळं आपणच करून ठेवायचं का?"

"उपकार झाले, देसांका."

"कपडे घालवले त्याचे?"

"त्याचेच."

खिडकीच्या कट्ट्यावरच त्याने दोन ओळी लिहिल्या. मंगळवारच्या बसने येतो. खोली आवडली.

पोस्टाच्या वाटेवर, गुत्त्याबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांनी तो काळा सूट पाहिला आणि उठून टोप्या काढल्या.

"मास्तर, कुणाच्या मातीला?"

"कुणाच्याच नाही. बहिणीकडे राहायला चाललोय."

त्याने पत्र पिवळ्या पेटीत टाकलं. मागे वळला, तेव्हा म्हातारे अजून उभेच होते. एकाने हातातली टोपी उंच धरून हलवली.