धाकट्याचा मका
दोघा भावांचं गोदाम एकच, पण मध्ये फळ्यांची भिंत आणि अकरा वर्षांचं वैर. थोरल्याने यंदा मक्यात चांगली बुरशी सोडली. ती विषारी बुरशीला पाय ठेवू देत नाही. “बुरशी पाळतोय!” म्हणत धाकट्याने आपली पोती तशीच ठेवली. विक्रीच्या दिवशी दोघांची पोती ट्रकांत चढली, तेव्हा सरकारी तपासनिसाने दोन्हीकडचे दाणे तपासले. “विष कुठेच नाही. थोरल्यांची बुरशी फटींतून तुमच्याही पोत्यांत शिरलीय. वाचलात!” धाकटा लालबुंद झाला. “माझा मका नापास करा.” “अहो, नापास मका जाळावा लागतो!” “जाळतो. ह्याच्या मेहेरबानीवर तगलेला दाणा विकणार नाही.” थोरल्याने खिशातून काडेपेटी काढून पुढे धरली. “घे, जाळ.” “तुझी काडेपेटी? माझ्या घरात काय काड्या नाहीत?” धाकटा तरातरा घराकडे निघाला. थोरला तपासनिसाकडे वळला. “पास करा, शिक्के मारा आणि ट्रक सोडा. गाढवाचं घर फार लांब नाही.”