दोन गुणांचा फरक

“आश्रमशाळेतल्या मुलींमध्ये आत्मविश्वास कमीच असतो. माझं संशोधन आहे,” दिघावकर सरांनी मानसशास्त्राच्या वर्गात याही वर्षी सांगितलं. मग कुंदा गावितकडे बघून ते हसले. वर्गही हसला.

कुंदा आश्रमशाळेतच शिकली होती. तास संपल्यावर तिनं त्या संशोधनातले आकडे मागितले.

“तुला साधी सरासरी तरी काढता येते का?” असं म्हणत सरांनी फाइल तिच्यापुढे टाकली.

संख्याशास्त्र म्हटलं की ती पहिल्या दिवसापासून नाक मुरडायची. माणसाचं मन काय बेरीज-वजाबाकीनं कळतं? पण आता तिनं तीन दिवस बसून हातानं सगळी गणितं केली. शेवटी सरांचा दावा किती पोकळ आहे हे दिसलं आणि त्यांचा राग येईनासा झाला. या माणसाला आपण घाबरत होतो, याचीच तिला लाज वाटली.

सोमवारी तिनं न विचारताच खडू उचलला आणि फळ्यावर आकडे मांडले. “आश्रमशाळेतल्या आणि इतर शाळांतल्या, दोन्ही गटांत आठ-आठच मुली. आत्मविश्वासाच्या चाचणीत सरासरीचा फरक दोन गुणांचा. आणि एकाच गटातल्या मुलींमध्ये तीस-तीस गुणांचं अंतर! दोन गुणांचा फरक इथं निव्वळ योगायोगानंही पडतो. हे तपासायची रीत तुम्हीच शिकवलीत, सर. स्वतः मात्र वापरली नाहीत.”

“शहाणपणा पुरे! बस खाली,” म्हणत सरांनी डस्टर उचललं.

कुंदानं मागे वळून पाहिलं. वह्यांवर वाकलेल्या माना लिहून संपवून एकेक करून वर येत होत्या.

“पुसा सर,” ती म्हणाली. “सगळ्यांचं उतरवून झालंय.”