टोक आणि कूस

"तुमचा हा अंड्यांचा खेळ पुरे झाला," नियंत्रण कक्षात सगळ्यांदेखत डॉ. सरंजामे हेमांगीवर खेकसले. "उद्या संचालकांना सांगून प्रयोग बंद करतो."

हेमांगीने राग गिळला. "सर, युरेनियमचं अणुकेंद्रक गोल नसतं, अंड्यासारखं लांबट असतं. कमी ऊर्जेत आपण त्यावर सोडलेलं कॅल्शियमचं केंद्रक त्याच्या टोकालाच भिडतं आणि जोडी लगेच फुटते. ऊर्जा वाढवली तर ते कुशीलाही, म्हणजे लांब बाजूलाही, भिडेल. तिथे दोन्ही एकजीव होऊ शकतात."

"मला शिकवू नका. घ्या वाढवून, आणि पडा तोंडघशी!"

तिने ऊर्जा वाढवली. संध्याकाळपर्यंत पडद्यावर नुसते तुकडेच दिसत होते आणि सरंजामे तिच्या पाठीमागे उभे राहून हसत होते. मग दोन्ही एकजीव झालेलं एक जड केंद्रक अखंड नोंदलं गेलं. पाठोपाठ दुसरं आलं.

सरंजाम्यांचं हसू मावळलं. त्यांनी सगळी यंत्रं स्वतः तपासली, चूक शोधून पाहिली, पण सापडली नाही. शेवटी तिच्याकडे न बघताच त्यांनी संचालकांना फोन लावला. "प्रयोग चालू ठेवा. इथल्या त्या बाईंचं म्हणणं बरोबर निघालं."

"बाईंना नाव आहे, सर," फोनमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली. "हेमांगी खांबेटे."