बारावी नोंद

२००७ साल. अम्मानच्या एका इस्पितळात रक्तपेढीच्या यादीची नक्कल काढणारा प्रोग्रॅम दिवसभर पडद्यामागे चालायचा. त्यानं कुठल्या फायली उघडाव्यात आणि कुठल्या नाही, यावर रहाफ, तिथली तरुण तंत्रज्ञ, संगणकातच पहारा बसवत होती. प्रोग्रॅमनं नवी फाईल मागितली की पहारा अडवून तशी नोंद करायचा, रहाफ नोंद वाचून मोकळीक द्यायची. अशा अकरा नोंदी झाल्या.

तो प्रोग्रॅम लिहिणारे तिचे साहेब, अबू शिहाब, सारखे येरझारा घालत होते. "पोरी, दुपारी या पहाऱ्याची तपासणी आहे. प्रोग्रॅम मागेल ते देऊन टाक की! कॉफीच्या कपात भविष्य बघितल्यासारखी नोंदी काय वाचत बसतेस?"

बाराव्या नोंदीवर रहाफ थांबली. "काका, रक्ताच्या यादीला कर्करोग विभागातली काकूंची फाईल कशाला हवी?"

अबू शिहाब येरझारा थांबवून खुर्चीत बसले. "ती मला काही कळू देत नाही गं. म्हणून या प्रोग्रॅममधून रोज मी तिचे रिपोर्ट गुपचूप वाचतो. ती हसून वाढते, मीही हसून जेवतो."

शेवटी ते म्हणाले, "राहू दे अडवलेलं. तिलाच विचारतो."

रहाफ पुढे दुबईला गेली. अबू शिहाबांनी त्या तपासणीच्याच महिन्यात काकूंजवळ राहायला नोकरी सोडली. काकू आणखी दोन वर्षं जगल्या आणि प्रत्येक रिपोर्ट त्यांनी स्वतः नवऱ्याला वाचून दाखवला.